सांगून गेलेली लेकरं

हजेरी घेताना बाई पटात बघत नसत. डोळे मुलांवर आणि बोट पटावर. एखाद्या नावाला ‘हजर’ आलं नाही की बोट तिथंच थांबायचं आणि बाई वर्गाला विचारायच्या, "सांगून गेलंय का न सांगता?" वर्गाला ठाऊक असायचंच. "सांगून गेलंय बाई, मामाच्या गावाला." मग त्या चौकोनात बारीक अक्षरात ‘सां.’ लिहायच्या आणि बोट पुढं सरकायचं.

हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की तो माणसांपुरता उरला नव्हता. लाईट गेली की सांगून गेली का, मुखेडची एसटी चुकली की सांगून गेली का. मी पहिल्यांदा त्यांच्या वाडीवरच्या शाळेत गेलो आणि मोबाईल हवेत धरून ओट्यावर फिरायला लागलो, तेव्हा खिडकीतून आवाज आला, "सर, रेंज सांगून गेली का?" मला हसू आलं नाही. मी घाईत होतो.

घाईचं कारण माझी नोकरी. मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कंत्राटी साधनव्यक्ती आहे. नाव भारदस्त असलं तरी काम एवढंच, की वरून काही नवीन आलं की ते शाळांच्या गळी उतरवायचं. त्या वर्षी हजेरीचं ॲप आलं होतं. रोज साडेदहाला ग्रुपवर यादी पडायची. हजेरी भरलेल्या शाळा हिरव्या, न भरलेल्या लाल, आणि लाल शाळेपुढं नाव मुख्याध्यापकाचं नसायचं, माझं असायचं. माझं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं. ते पुन्हा मिळणं या रंगांवर आहे, हे आमचे गटशिक्षणाधिकारी साहेब येता-जाता ऐकवायचे. तुम्ही कुठल्याही कचेरीत दिवस काढले असतील तर तुम्हालाही अशी एखादी यादी आठवेल.

बाकीच्या शाळा महिन्याभरात वळल्या. काही गुरुजी घरच्या गच्चीवरूनच आपली शाळा हिरवी करत. ते मला दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. बाईंची शाळा मात्र रोज लाल.

तालुक्यातल्या सगळ्या शिक्षिका कधीच मॅडम झाल्या होत्या, या एकट्या बाई राहिल्या होत्या. शाळेत शिक्षिका आणि मुख्याध्यापिका त्या एकट्याच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. चप्पल वर्गाबाहेर काढायच्या, हजेरीपट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी न्यायच्या आणि सकाळी परत आणायच्या. फोन उचलला की "जय भीम, बोला." ॲप त्यांना जमत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. मी दाखवलं ते त्यांनी एकदाच बघितलं आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"ह्याच्यात दोनच बटणं हायेत, सर. हजर न्हाई तर गैरहजर."

"मग बरोबरच आहे की."

"गैरहजर म्हंजे न सांगता गेलेलं. माझी सांगून गेलेत."

दिवाळीनंतर वाडीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. ट्रॅक्टर रस्त्यावर घरघरत उभा असायचा आणि त्या गडबडीत जाणारी मुलं आधी शाळेत यायची. दारात उभं राहून म्हणायची, "बाई, जाऊन येतो." बाई म्हणायच्या, "ये." बस, एवढंच. पण हे झाल्याशिवाय वाडीतलं एकही मूल ट्रॅक्टरवर चढत नसे. बाईंचा त्यामागं एक हिशेब होता. "न सांगता गेलेलं लेकरू परत शाळंत यायला लाजतं. सांगून गेलेलं बिनघोर येतं." आणि ती येत होती. चैत्रात, काळवंडून, हातापायांना उसाच्या पानांचे चरे घेऊन, पण येत होती.

मी वैतागून एकदा म्हणालो, "मग हजर दाबा. सगळे तेच करून राहिले."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडं रागानं बघितलं. "नसलेल्या लेकराला हजर म्हणू? उद्या फडात त्याला काही झालं, तर कागदावर ते माझ्या वर्गात बसलेलं असंल, सर."

साडेदहा वाजले होते आणि यादीत माझं नाव होतं.

डिसेंबरात वरून शेवटची तारीख आली. त्या दिवशी पोर्टलवर जेवढी मुलं दिसतील तेवढाच शाळेचा पट धरणार, आणि पट कमी भरला तर शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. वाडीतल्या लहान मुलांनी उसाच्या गाड्यांमधून वाट काढत तो हायवे ओलांडायचा, म्हणजे निम्म्यांची शाळा तिथंच संपली. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी पिशवीतून हजेरीपट काढला, लॉगिनची चिठ्ठी त्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. तुमच्या हवाली. मी तवर लेकरांचं वाचन घेते."

मी ओट्यावर बसलो. सगळी नावं भराभर झाली आणि सात उरली. त्या सात नावांपुढं महिनाभर एकच अक्षर, ‘सां.’ बोट जरा जास्त दाबलं गेलं तर पडद्यावर तिसरा पर्याय उघडला, ‘स्थलांतरित’. मला वाटलं, देवच पावला. ऊसतोडीला गेलेली मुलं स्थलांतरित नाहीत तर काय आहेत? मी सात वेळा ते बटण दाबलं. प्रत्येक वेळी पडद्यावर खात्री आहे का म्हणून विचारणा झाली, प्रत्येक वेळी मी होय म्हणालो. शाळा हिरवी झाली. मी त्याचा फोटो साहेबांना पाठवला, साहेबांचा अंगठा आला.

आतून बाईंनी विचारलं, "सांगून गेल्याचं लिहिलं का?"

"हाव बाई, लिहिलं," मी म्हणालो.

जानेवारीत पटाची यादी लागली. दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत आल्या, पिशवी सोडली आणि पट माझ्या टेबलावर उघडून एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. "सर, ही माझी सात कुठं हायेत?"

ॲपच्या भाषेत स्थलांतरित म्हणजे दुसऱ्या शाळेत नाव घालून कायमचा गेलेला. ते पटावरून नाव काढायचं बटण होतं. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणे, मीच प्रशिक्षण देणारा होतो. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि काय झालं ते हळू आवाजात सांगितलं.

"परत घेता येतील?"

"दुरुस्तीची विंडो बंद झाली बाई."

"मग ज्यानं बंद केली त्यालाच उघडायला सांगा की." एवढं बोलून त्या पट गुंडाळायला लागल्या. पिशवीची गाठ बसत नव्हती.

ती सात गेल्यानं पट कमी भरला आणि सुनावणी नांदेडला, जिल्हा परिषदेत लागली. मोठ्या साहेबांच्या दालनात आम्ही तिघं उभे होतो, बाई, आमचे साहेब आणि मी. मोठ्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "सात नावं कुणाच्या लॉगिनवरून निघाली?"

"मुख्याध्यापिकेच्या," आमचे साहेब म्हणाले.

"बाई, तुम्ही काढली?"

कंत्राट संपायला दोन महिने होते. हे कारण मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी माझ्या बुटांकडं बघत होतो. बाईंनी एकदा माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही. नाव घेतल्यावर मूल ओ देईल म्हणून वर्गात थांबायच्या, तशा थांबल्या. मी ओ दिली नाही.

"लॉगिन माझं हाय साहेब," बाई म्हणाल्या. "जिम्मेदारी माझी."

परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. वाटेत त्या फक्त मुलांबद्दल बोलल्या. त्या सातांतल्या पूजाचं वाचन कसं सुधारलं होतं, कारखान्याच्या तळावर तिला पुस्तक मिळत असेल का. मुखेड येईपर्यंत मी एक वाक्य मनात तयार करत होतो. मुखेड आलं, आणि बाई पिशवी सांभाळत उतरल्या.

पंधरा दिवसांत हुकूम आला. बाईंची प्रशासकीय कारणावरून बदली, अर्धापूरच्या पुढच्या एका गावात. शाळा विलीन करण्याचा प्रस्ताव विचाराधीन. त्या दिवशी मी कोरा कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. सातही वेळा बटण दाबणारं बोट माझं, बाईंनी फक्त विश्वासानं लॉगिन दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे नांदेडला बोलला असतास तर?" एवढंच म्हणाले.

कागद वर गेला. ॲपची बंद खिडकी उघडली, सातही नावं पटावर परत आली, शाळा वाचली. मला एक ताकीद मिळाली आणि कंत्राटही मिळालं. तालुका हिरवा ठेवणारा माणूस सोडता येत नाही, असं साहेबच म्हणाले. बाईंची बदली मात्र झाली ती झाली. त्या म्हाताऱ्या आईला घेऊन तिकडं खोली करून राहिल्या.

चैत्रात वाडीवर ट्रॅक्टर आला, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. नवीन शिक्षिका चांगली आहे, तरुण आहे, मोबाईलवर तिची हजेरी दोन मिनिटांत होते. सातही मुलं दारात येऊन उभी राहिली. ती "बसा रे" म्हणाली, पण कुणी आत येईना. शेवटी पूजानं मला विचारलं, "बाई कवा येतील?"

मी बाहेर येऊन फोन लावला. "जय भीम, बोला सर." मी म्हणालो, "बाई, सातही जण आलेत." मग एसटीत तयार केलेलं ते वाक्य एकदाचं बोललो, "नांदेडला मी बोलायला पाहिजे होतं."

पलीकडं त्यांच्या नव्या शाळेची मधली सुट्टी चालू असावी, मुलांचा कालवा ऐकू येत होता.

"ते नंतर बोलू, सर," त्या म्हणाल्या. "पूजाला द्या फोन. तिच्या आईच्या हाताला कोयता लागला व्हता. बरा झाला का बघते."

मी फोन पूजाला दिला. तिच्याकडून तो दुसऱ्याकडं गेला, मग तिसऱ्याकडं. सातही जण बोलले. प्रत्येक जण बोलून झाला की चप्पल काढून आत जाऊन बसला. शेवटच्यानं फोन माझ्या हातात आणून दिला तेव्हा तो पलीकडून बंद झालेला होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही आणि ते आणायची हिंमत माझ्यात नाही.