चार हात पुढे, चार हात मागे

मावशी रोज सकाळी पावणेसातला खाली उतरायची आणि गाडी चार हात पुढे घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चार हात मागे. मग इंजिन बंद करून, मागचं दार एकदा ओढून बघून वर यायची, डबा भरायची आणि पडद्यांच्या दुकानात शिवायला जायची. चार वर्षांत, एक सकाळ सोडली तर, यात खाडा नाही. एकदा तापाने फणफणली होती, तर गाउनवर काकांचं जाकीट चढवून उतरली.

कारण साधं होतं. तिच्या गल्लीत रस्त्याकडेला गाडी लावायला मनाई नव्हती, पण एकाच जागी तीन दिवसांहून जास्त उभी राहिलेली गाडी बेवारस धरत. पालिकेचा माणूस सायकलवरून यायचा, चाकावर आणि चाकाखालच्या डांबरावर खडूने एक सरळ रेघ ओढायचा. तीन दिवसांनी परत. रेघ तशीच जुळलेली दिसली की काचेवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीनंतर गाडी उचलून न्यायची. रेघ मोडायला चार हात पुरतात, हे काकांनी शोधून काढलं होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान. दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुतार होते.

गाडी मूळची एका लाँड्रीची, कपडे पोहोचवायची बंद व्हॅन. लाँड्री बंद पडली तेव्हा काकांनी ती घेतली. करड्या पत्र्यावर 'लाँड्री' ही अक्षरं उन्हाने विटून जेमतेम वाचता येण्याजोगी उरली होती. मावशी म्हणाली, घासून काढू. काका म्हणाले, "अजिबात नको. लोकांच्या डोळ्यात भरणारी गाडी लोकांच्या डोळ्यात सलते. ही बघून कुणाला काही वाटलंच नाही पाहिजे."

दोन वर्षं रविवारच्या रविवार ते आतमध्ये काम करत राहिले. बाहेरून एक खिळा दिसला नाही. हवेसाठी भोकं पाडली ती खालून, तळाला. मावशीने पडदे शिवले: आतून पिवळे आणि काचेकडच्या बाजूला करड्या अस्तराचे, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला काचेमागे नुसता अंधार दिसावा. निवृत्तीनंतर दोघं त्या गाडीतून फिरणार होती. कुठे, असं विचारलं की काका म्हणायचे, "पेट्रोल संपेल तिथे."

पलंगाचं माप त्यांनी कारखान्यात घेतलं. एका सुटीच्या दिवशी मावशीला फरशीवर आडवं केलं आणि डोक्यापाशी, टाचांपाशी खडूने खुणा केल्या.

"तीस वर्षं संसार केला आणि बायकोची उंची माहीत नाही," मावशी पडल्या पडल्या म्हणाली.

"उंची असती तर माहीत असती."

स्वतः काका तिच्याहून जेमतेम तीन बोटं उंच. त्यामुळे पलंग गाडीत लांबीला न ठेवता आडवा बसवता आला. साडेपाच फूट, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत. वाचलेल्या जागेत कपाट झालं. बुटक्यांचा संसार स्वस्तात होतो, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. सगळे सांधे त्यांनी खाचा पाडून, सरस लावून जोडले. खिळा नाही, स्क्रू नाही. एकदा बसलं की बसलं. सुटं करायचं तर मोडावंच लागणार.

एकच गोष्ट राहिली होती. नोंदणीच्या कागदावर गाडी अजून मालवाहूच होती. आत राहण्याची सोय केली की ती कॅम्पर म्हणून नोंदवावी लागते. पण कॅम्पर एकदा नोंदवली की वस्तीतल्या रस्त्यावर लावता येत नाही. शहराबाहेर तळ आहे, दोन बसा बदलून जावं लागतं, तिथे उभी करायची. काका म्हणाले, "निघायच्या आदल्या महिन्यात करू कागद. तोवर मूग गिळून बसायचं."

निवृत्तीला सात महिने उरले होते. एका मंगळवारी दुपारी कारखान्यात रंधा मारता मारता ते खाली बसले आणि उठले नाहीत.

दुकानात फोन आला तेव्हा मावशीच्या मशीनवर एका लांब पडद्याची किनार होती. मालकीणबाईंनी तिला सांगितलं. तिने ऐकलं. उरलेली हात-दीड हात किनार तिने पुरी केली, गाठ मारली, धागा कापला, पडद्याची घडी घातली आणि मग चपला शोधल्या. हे पुढे नातेवाइकांत बरंच बोललं गेलं. माझ्या आईने, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीने, तिला एकदा विचारलंही.

"तसाच सोडला असता तर उसवला असता गं," मावशी म्हणाली. यापुढे ती त्या दुपारबद्दल बोलली नाही.

ती रडली नाही. निदान कुणासमोर नाही. भेटायला आलेल्यांना चहा दिला, साखर कमी-जास्त विचारली. दुसऱ्या दिवशी पावणेसातला खाली उतरून गाडी मागे घेतली, कारण आदल्या दिवशी काकांनी पुढे घेतलेली होती. तरुणपणी काढलेला परवाना तिच्याकडे होता. चालवायची वेळ कधी आली नव्हती. काकांनी गल्लीत एवढंच शिकवलं होतं: पुढे आणि मागे. "वळायला मी आहे," असं म्हणून.

संध्याकाळी दुकानातून आली की ती तासभर गाडीत जाऊन बसायची. पडदे ओढलेले. पलंगावर भिंतीकडची बाजू तिची होती, तिथेच. मी एकदा दारावर टकटक केली तर तिने मला आत घेतलं. आत लाकडाचा वास अजून होता. कपाटाला बोटभर खाचेची मूठ, कोपरे सगळे गोल केलेले, कारण मावशी कुठेही आपटते.

"काय करतेस गं इथे?"

"बसते."

"आठवण येते?"

तिने जरा विचार केला. "नाही. आठवण बिठवण काही येत नाही. बरंय इथे."

गल्लीत समोरच्या पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. दिवसभर खिडकीत. मावशी त्यांना दुर्बीण म्हणायची. काकांच्या हयातीतही ती त्यांना टरकून असे आणि आता तर गाडीत शिरताना आधी वर बघायची, दुर्बीण आत गेली की मगच दार उघडायची. मास्तर कधीमधी वरून हाक मारत, "काय हो, दोन शर्ट टाकायचे होते. लाँड्री कधी उघडणार?" मावशी म्हणायची, "मशीन बिघडलंय." आणि मी तिच्याकडे आलेली असले की वर येऊन मला सांगायची, "बघ, संशय आलाय त्याला. हा एक दिवस पालिकेला कागद धाडणार."

कागद आला तो नोंदणी कार्यालयातून. गाडी काकांच्या नावावर होती. सहा महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यावी, नपेक्षा नोंदणी रद्द. नाव बदलताना गाडी तपासणीला आणावी.

आमच्या घरी त्यावर चर्चा झाली. आई म्हणाली, "ताई, विकून टाक बाई. ना तुला चालवता येत, ना कुठे जायचंय. दावणीला बांधल्यासारखी नुसती उभी."

"विकणारी नाही."

"मग आतलं सगळं काढ. मालवाहू म्हणून दाखव आणि मोकळी हो."

"काढायचं म्हणजे तोडायचं," मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. "खिळा नाही त्यात एकही."

"मग कॅम्पर म्हणून नोंदव आणि ठेव त्या तळावर."

"आणि मी संध्याकाळी कुठे बसू?"

तोडायचं, की दोन बसांवर पाठवायचं, एवढंच समोर होतं. मावशीने मुदतीचे पाच महिने तसेच जाऊ दिले. ती काही ठरवत होती असंही नाही. विषय काढला की "बघू" म्हणायची आणि हातातलं शिवण पुढे सरकवायची.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तिने मला फोन केला. "उद्या येशील? नुसती शेजारी बस."

ती गाडी घेऊन कोपऱ्याच्या पलीकडे पहिल्यांदाच जात होती. दुसऱ्या गिअरच्या वर ती गेलीच नाही. मागे रांग लागली, कुणीतरी ओरडलं, "आजीबाई, ढकलू का?" मावशीने आरसा सुद्धा बघितला नाही. डावीकडे वळताना तोंडाने म्हणत होती, "वळ, वळ, वळ." कुणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.

तपासनीस पंचविशीचा, ताडमाड उंच माणूस होता. आत शिरताना त्याला अर्धं व्हावं लागलं. शेगडी सुटी होती, ती त्याने उचलून परत ठेवली. कपाट उघडून बंद केलं, मुठीच्या खाचेवरून बोट फिरवलं. "कुणी केलंय हे? छान आहे." मग त्याने पलंगावर हात ठेवला.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "पलंग."

मी तिचं कोपर दाबलं. तिने सोडवून घेतलं.

त्याने टेप काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत लावली, मग पुन्हा लावली. "साडेपाच फूट. मावशी, नियमात सहा फुटांच्या खाली पलंग धरतच नाहीत. यावर माणूस झोपू शकत नाही."

"आम्ही झोपून बघितलंय."

"मी झोपलो तर माझे पाय बाहेर सिग्नल दाखवतील." तो हसला. मावशी हसली नाही, म्हणून तोही थांबला. "हे बघा, नियमात बसेल असा पलंग नाही, शेगडी पक्की बसवलेली नाही, म्हणजे ही कॅम्पर होत नाही. मालवाहू गाडी, आत एक कपाट आणि एक लांब फळी. एवढंच लिहितो. कॅम्परसारखं दर सहा महिन्यांनी परत तपासणीला यायला नको, काही नको. सोपं काम आहे."

मला वाटलं, सुटलो. काकांनी पलंग बायकोच्या मापाने केला, कुठलाही नियम न बघता, आणि तीच चूक आज पथ्यावर पडली.

पण मावशी म्हणाली, "फळी नाही ती."

"मावशी," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"फळी नाही. त्यांनी पलंग केलाय. माप घेऊन केलाय."

तपासनिसाने लेखणी थांबवली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "पलंगच आहे. मला दिसतंय. पण मी पलंग लिहिला तर मला तो वाढवायला सांगावा लागेल, आणि मग गाडी तळावर जाईल. फळी लिहिली तर तुमच्या दारात राहील. सांगा, काय लिहू?"

त्या पाच-सहा महिन्यांत मी तिचा चेहरा हलताना पाहिला तो तेवढाच. ओठाचं एक टोक खाली गेलं आणि परत जागेवर आलं.

"फळी लिहा," ती म्हणाली.

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जागा रिकामीच होती. गाडी लावून खाली उतरतो तर वरून मास्तरांची हाक.

"आज पावणेसातला हलली नाही गाडी. साडेआठला हलली. माझी रक्तदाबाची गोळी राहिली ना!"

मावशी मान वर करून बघत राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमचं इंजिन वाजलं की मी गोळी घेतो. आधी तुमचे यजमान हलवायचे तेव्हापासून." मग जरा थांबून, खिडकीतून वाकून, आवाज खाली आणत म्हणाले, "झालं का काम? फळ्या आत जाईनात तेव्हा दुसरं टोक मीच धरलं होतं. कुणाला सांगू नका म्हणाले होते. मी नाही सांगितलं कुणाला. तुम्हालाही नाही."

मला वाटलं, आता तरी ती काही बोलेल, निदान हसेल. मावशीने किल्ली पिशवीत टाकली. "असं होय," म्हणाली. जिना चढता चढता मधल्या पायरीवर उभी राहिली. "आणि मी त्याला दुर्बीण म्हणत होते."

त्यानंतर साडेतीन वर्षं गाडी तिथेच होती. मावशी तिच्यातून कुठे गेली नाही. सकाळी चार हात पुढे किंवा मागे, संध्याकाळी तासभर आत. फरक पडला तो एवढाच, की आत शिरताना ती वर बघेनाशी झाली. मास्तरांचे दोन शर्ट तिने एकदा खरोखरच मागून घेतले, कॉलर उलटवून शिवली आणि परत केले. नवा नोंदणीचा कागद तिने कपाटात ठेवला होता. त्यावर 'फळी' लिहिलेल्या जागी पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, 'पलंग' लिहिलेलं मला ती गेल्यावर सापडलं.

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. किरकोळ, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. आदल्या संध्याकाळी मी तिला दवाखान्यात पोहोचवलं. तिने चादर ओढून बघितली, किनार तपासली, कच्ची शिलाई आहे म्हणाली. भेटीची वेळ संपली. मी निघाले तशी तिने उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"उद्या मागे घे हं. पुढे आज घेतलीय."