कॉफीचा मसाला

खर्डीच्या मावशींमुळे माझं काम टिकलं, हे आधी सांगते. कॉफी कुटताना त्याच आठवतात. नववीतून शाळा सुटल्यावर मी हिंगोलीहून मुरबाडजवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आले. बाहेरगावाहून आलेली म्हणून तिथला आचारी मला ‘पार्सल’ म्हणायचा. एकदा मॅनेजरने मटणाला चोळायचा कॉफीचा मसाला मला करायला सांगितला. कॉफी, मिरी, सुकी मिरची, भाजलेले धणे आणि मीठ कुटून मी तुकड्यांना चोळलं. निखाऱ्यावर ते काळेकुट्ट झाले. “जाळलं बघा पार्सलनं! आजच गाडीत बसवा हिला,” आचारी ओरडला. न चाखताच मॅनेजर म्हणाला, “कपडे भर.” मी कपडे भरायला वळले. पाहुण्यांच्या जेवणाला तोंड लावलं की काम गेलं, असा तिथला नियम होता. तरी तिथं भांडी घासणाऱ्या या खर्डीच्या मावशींनी ओल्या हातानं एक तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर चावून खाल्ला. “जळला नाय रे, कॉफीचा रंग हाय. खाऊन तर बघ, मग हाकल पोरीला!” मॅनेजरने चाखलं आणि ताटं बाहेर पाठवली. “आणि नियम?” आचारी हसला. माझं काम राहिलं, मावशींचं त्याच संध्याकाळी गेलं. अजूनही मी दुसऱ्याच्याच भट्टीवर आहे, कधी काढतील याची धास्ती असतेच. पण एक दिवस स्वतःची खाण्याची गाडी टाकीन, मावशींना खर्डीहून घेऊन येईन आणि पहिला घास त्यांना भरवीन.