चेनची क्लिप

आमच्या फार्मवर पर्यटकांना फिरवायची जाड चाकांची एटीव्ही आहे. गॅरेजचे सातशे वाचवायला तिची चेन मीच बसवायचो. ती तिसऱ्यांदा निसटली तेव्हा मालक म्हणाले, "रविवारी गाडी पळाली नाय, तर गोंदियाची रेल्वे धर." शाळा नववीत सुटलेली; घरी जाऊन करणार काय?

शहरात औरंगपुऱ्यातल्या गॅरेजपर्यंत गाडी न्यायला टेम्पोनंच नऊशे घेतले. तिथला म्हातारा मिस्त्री बशीतल्या चहावर फुंकर घालत बसलेला. पान्याला हात लावेना.

"चाचा, पैसे देतोय ना? करा की!"

"तू कशी बसवतो ते दाव."

मी चिडूनच बसवली. त्यानं चेनच्या जोडावरच्या क्लिपवर काळं बोट ठेवलं. "हिचं उघडं तोंड मागं पायजे. तू पुढं केलं. घासली की उडती."

मग काढायला लावली, परत बसवायला लावली. तीनदा! माझं डोकं फिरलं. शेवटी त्यानं मान डोलावली.

"किती झाले?"

"काम तू केलं. मी चहा पिला. चहाचे दहा दे."

रविवारी गाडी संध्याकाळपर्यंत पळाली. मी अजून इथंच आहे. चेन बसवताना त्या म्हाताऱ्याचा अजूनही वैताग येतो, आणि क्लिपचं तोंड मी तीनदा बघतो.