ताणा एका पानावर, बाणा दुसऱ्यावर

बायको गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मी रडत बसलो नाही. वडगावात आमचे साड्यांचे सहा माग आहेत, ते बाराव्या दिवसापर्यंत बंद होते, तेराव्याला चालू केले. तिच्याबरोबर काय गेलं ते मला दोन-तीन महिन्यांनी कळलं.

आमच्या साडीचा रंग दोन सुतांतून होतो. उभा ताणा डाळिंबी आणि आडवा बाणा निळा घातला की साडी जांभळट होते, उन्हात एक दिसते आणि सावलीत दुसरी. कुठल्या ताण्यावर कुठला बाणा घालायचा ते ती ठरवायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. ती लिहीत नव्हती. नवी साडी मागावर चढली की ताण्याचं एक सूत आणि बाण्याचं एक सूत घेऊन गाठ मारायची. मुलानं शाईनं नंबर घातलेली चिंधी त्या गाठीला बांधायची आणि गाठ दोरीत अडकवायची. दुकानदाराचा फोन आला, अमुक नंबर परत पाहिजे, की कपाटातनं दोरी काढायची. दोनशेवर गाठी झाल्या होत्या. तिनं काय जोडलं होतं ते दुसरीकडे कुठंच नव्हतं. साड्या तर विकून गेलेल्या.

सुनेला ते धोक्याचं वाटलं. ती जवळच्या मच्छे गावात एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथं कोड न लिहिता, पडद्यावर चौकोन ओढून ओढून ॲप बनवतात. म्हणाली, तसलंच एक घरच्यासाठी करते.

"मामा, ॲप दोन रविवारात होईल. खाली माहिती कशात ठेवायची तेवढं ठरवूया."

"तुझं काम ते. मला काय विचारतीस?"

"काम तुमचं हाय. मला कोष्टी कोण म्हणतंय?"

तिनं तीन वाटा सांगितल्या. एक, साधी शीट, कागदावर रेघा मारल्यागत, त्यात काय पण लिहा. दुसरी, ॲपवाल्यांचा स्वतःचा साठा. त्यात टेबलं असतात आणि एक टेबल दुसऱ्याला बांधलेलं असतं. तिसरी, घरातल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं.

मी म्हटलं, शीट बरी. मला कळली ती तेवढीच.

"मग आठवडाभर भरून बघा," ती म्हणाली. फोनवर शीट उघडून दिली, बोलून लिहायचं कसं ते दाखवलं, नवं पान कसं जोडायचं तेही दाखवलं. ते दाखवायला नको होतं.

मी सोमवारी दोरी घेऊन बसलो. पन्नास वर्षं या धंद्यात आहे. ताणा एका घरात तयार होतो, बाण्याचं सूत दुसऱ्या घरात कांड्यांवर भरतात. सूत वेगळं, माणसं वेगळी, ठेवायची जागा वेगळी. मी दोन पानं केली. एक ताण्याचं, एक बाण्याचं. गाठीतला रंग नीट दिसेना, म्हणून गाठ सोडली. ताण्याचं सूत चिंधीसकट एका डब्यात टाकलं, बाण्याचं दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे रंगवार लावले आणि मगच आपापल्या पानावर उतरवले, म्हणजे शोधायला सोपं. शनिवारपर्यंत साठ गाठी सोडल्या. काम चांगलं चाललंय असंच मला वाटत होतं.

रविवारी सून बघायला आली. सासूला ती आत्या म्हणायची.

"मामा, आत्यांच्या गाठी कुठायत?"

"सोडल्या. सगळं लिवलंय बघ."

तिनं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. "पहिल्या पानावर नंबर आणि ताणा. दुसऱ्यावर नुसता बाणा. कुठला बाणा कुठल्या नंबराचा?"

मी डब्याकडे बघितलं. चिंध्या ताण्याच्याच डब्यात होत्या. ताण्याची माणसं आणि बाण्याची माणसं वेगवेगळी, हे मला पक्कं माहीत होतं. दोघांच्या मधे बायको बसलेली असायची हे ध्यानात आलं नाही.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चूक माझी. शीटला काय कळत न्हाय, जे द्याल ते घेती. टेबलांत केलं असतं तर नंबराशिवाय बाणा घेतलाच नसता."

"मग आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुमास्नी शीट बरी वाटली म्हणून."

मागल्या गल्लीत एक आक्का राहते. तीस वर्षं आमच्या कांड्या तिनं भरल्या. दोन्ही डबे घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं ते बघितले आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, ह्ये कुणी सांगितलतं तुमास्नी?"

"कुणी न्हाय."

"तेच म्हटलं."

मग ती पदर पसरून बसली आणि एकेक सूत उचलायला लागली. नंबर तिला येत नव्हते. कुठल्या मागावर, कुठल्या सणाच्या आधी, कांडी भरताना कुणाचं कुणाशी भांडण चाललं होतं, त्यावरून तिला आठवायचं.

"हा आमसुली. ह्याच्यावर वैनीनं लिंबू घातलता. मी म्हटलं, वैनी, ह्ये कावीळ झाल्यागत दिसतंय. तर मला म्हणाली, तू कांड्या भर, गप बस."

"मग?"

"मग काय, लई विकली. मला फुकट दिली न्हाय, तेवढं बरं झालं."

मधेच उठून तिनं ट्रंकेतल्या आमच्याच मागावरच्या दोन जुन्या साड्या आणल्या, काठ उसवून सुतं दाखवली. असं करत चार दिवसांत एकेचाळीस जोड्या लागल्या. एकोणीस लागेनात. ती स्वतः बाळंतपणामुळं कामावर नव्हती त्या वर्षातल्या त्या असतील, असं तिचं म्हणणं.

इकडे सुनेनं शीट बंद केली आणि ॲपवाल्यांचाच साठा घेऊया म्हणाली. या वेळी मी प्रश्न विचारले.

"घरच्या कॉम्प्युटरवर का नको?"

"रोज एक कॉपी काढून दुसरीकडं ठेवावी लागंल. कोण काढणार?"

"मी."

ती डब्यांकडे बघत राहिली. मी तो विषय सोडला.

"ह्या ॲपवाल्यांनी दुकान बंद केलं तर?"

"सगळं फाइलीत काढून घेता येतंय. ते आधी बघितलंय, मगच म्हणाले."

"आन् खडेबाजारातल्या दुकानदाराला काय दिसंल?"

"त्याला त्याचेच नंबर. शीट दिली असती तर सगळंच दिसलं असतं. आत्यांच्या जोड्या दुसऱ्यांच्या मागावर गेल्या असत्या."

म्हटलं, मग हेच. दर महिन्याला पैसे जातात त्याला. जाऊ देत.

तिनं टेबलं बांधली आणि उरलेल्या गाठी न सोडता भरल्या. मग एकोणीस नंबरांवर गाडी अडली. बाण्याशिवाय ॲप पुढं जाईना. तसंच बांधलेलं होतं.

"मामा, एकोणीस ताणे हायत, एकोणीस बाणे हायत. तुमीच जोडा की. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

मी बसलो. तीन जोडले. चांगले दिसत होते. मग आमसुलीवरचं लिंबू आठवलं. मी ते सात जन्मांत घातलं नसतं. मला चांगलं दिसतंय म्हणजे तिनं तसंच केलं असेल, असं काही नाही. उलटच जास्त. तिन्ही सोडवून ठेवले.

"रिकामं ऱ्हाऊ दे."

"ॲप रिकामं घेत न्हाय."

"तूच बांधलंस न्हवं? तुझं ऐकंना व्हय?"

ती हसली. ती अट सैल केली, तेवढ्या एकोणीस नंबरांपुरती.

गेल्या महिन्यात खडेबाजारातनं फोन आला. गिऱ्हाइकाला लग्नासाठी तोच नंबर पाहिजे होता, बारा साड्या. नंबर एकोणिसातला.

"तो होत न्हाय आता," मी म्हटलं.

"अण्णा, जन्मभर माग चालवला तुमी. उन्नीस-बीस करून द्या की. नंबर तोच टाका, कोण बघतंय?"

"दुसरा नंबर सांगा, तो देतो."

"बघतो," तो म्हणाला, आणि साड्या दुसरीकडनं घेतल्या. मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. बारा साड्या कमी नसतात, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही.

सुनेनं संध्याकाळी विचारलं, "हा नंबर काढून टाकू? विणायचाच नसंल तर ठेवून काय करायचं?"

"किती जागा खातोय?"

"काहीच न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. त्यातलं निम्मं तरी तिचं बरोबर हाय."