सुभेदारांनी लोधिवलीत केलेली कॉफी

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात आमची सिग्नल्सची तुकडी सिक्कीममध्ये चौदा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. आम्ही सहा जण. मी लान्स नायक. माझ्या वर नायक मुत्तण्णा, कर्नाटकातल्या कूर्गचा.

सकाळी सहाला रेडिओ चेक, मग टेलिफोन लाइनची पाहणी. आठ वाजता मुत्तण्णा घरून आलेल्या पुडीची कॉफी करायचा. मी चहाचा माणूस. ती औषधासारखी गिळायचो.

फेब्रुवारीत एका दुपारी लाइन तुटली. दुरुस्तीला जायची पाळी माझी होती. मला ताप होता. मुत्तण्णा म्हणाला, "तू सेटवर बस." एका जवानाला घेऊन तो गेला. १४१० ला, म्हणजे दुपारी दोन दहाला, सेटवर त्याचा आवाज आला.

"लाइन थ्रू. परत येतोय. ओव्हर."

१४२५ ला वरचा बर्फ सुटला. जवान वाचला. मुत्तण्णा आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

मे महिन्यात रजेवर माझ्या गावी, लोधिवलीला आलो. त्याच्या वडिलांना मी पत्र लिहिलं होतं. पाळी कुणाची होती, ते लिहिलं नव्हतं. एके सकाळी दहाच्या सुमारास हायवेवर एसटीतून उतरून एक उंच गृहस्थ विचारत विचारत दारात आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. रिटायर्ड सुभेदार, मुत्तण्णाचे वडील. हातात स्वतःच्या मळ्यातल्या कॉफीची पिशवी.

आई चहाचं आधण ठेवत होती. त्यांनी हिंदीत विचारलं, चूल थोडा वेळ मिळेल का. पाहुण्याला चुलीपुढे कसं बसवायचं, म्हणून मी आडवा आलो. आई म्हणाली, "बसू दे रं त्यांना. हातांना काम हवं हाय."

हिरवट दाणे लोखंडी कढईत टाकून ते मंद जाळावर हलवत राहिले. दाणे पिवळे झाले, मग तांबूस, मग तडतडू लागले. असा वास आमच्या घराने कधी घेतला नव्हता. पडवीत तांदूळ निवडणारी चुलती सूप खाली ठेवून आत आली आणि नुसती उभी राहिली.

तिथेच मी सांगितलं. पाळी माझी होती. मला ताप होता म्हणून तो गेला.

त्यांचा हात थांबला नाही.

"किती होता ताप?"

"एकशे तीन."

"मग त्याने बरोबर केलं," ते म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

मग त्यांनी कढई उतरवली. दाणे निवल्यावर खलबत्त्यात कुटले. पाण्यात गूळ उकळला, भांडं खाली घेतलं, पूड टाकली आणि झाकण ठेवलं. गाळ बसू दिला. धुतलेल्या फडक्यातून त्यांनी चार पेले गाळले. दूध नाही.

पहिला घोट कडू लागला, मग गोड, आणि गिळल्यावरही चव तोंडात कितीतरी वेळ राहिली. पोस्टवर पाच महिने मी हीच वस्तू पीत होतो, हे मला खरं वाटेना. पेला धरून तसाच बसलो.

आईने विचारलं, तुमचा लेक अशीच प्यायचा का. मी ते हिंदीत सांगितलं.

"नाही," सुभेदार म्हणाले. "त्याला गूळ जास्त लागायचा."

आणि त्यांनी स्वतःच्या पेल्यात आणखी एक खडा टाकला, ढवळला आणि सावकाश प्यायले.