डोळे मीट, आता उघड

ताईचं पार्लर म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. चार मोठे आरसे, तीन खुर्च्या आणि केस धुवायचं एक बेसिन. ताई केस कापायची, मी धुवायचे. माझ्या नाकावर कायम राग, म्हणून हिला पाण्याजवळ ठेवलंय, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. घरात आम्ही दोघी बहिणी आणि तिच्या दोन मुली, एवढ्याच.

सकाळी पार्लर उघडण्याआधी तिथे एकच गिऱ्हाईक असायचं, तिची धाकटी. धाकटीच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, चहा सांडल्यासारखा. शाळेत जायच्या आधी ताई तिला खुर्चीत बसवायची, डबीतलं क्रीम बोटावर घ्यायची आणि म्हणायची, "डोळे मीट." मग त्या बोटाला जगात दुसरं काही काम नसायचं. कोवळं ऊन एका आरशातून दुसऱ्यात जायचं, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हलायची, आणि माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा गप्प राहायची. शेवटी ताई म्हणायची, "हं, आता उघड." धाकटी डोळे उघडायची तेव्हा डाग गेलेला असायचा. तिच्या वर्गातल्या एकाही मुलीला तो माहीत नव्हता.

थोरली तेव्हा दारात उभी असायची, दात घासायचा ब्रश तोंडात धरून. "किती वेळ तो नट्टापट्टा!" अशी तिची रोजची कुरकुर. सतरा वर्षांची पोर, चेहरा नितळ, पण स्वतः आरशात बघेल तर शपथ.

ताई गेली ती अचानक. ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती घरी आलीच नाही. दफन करून परतल्यावर मी कपाटातल्या पांढऱ्या चादरी काढल्या आणि चारही आरसे झाकले. आम्हा ज्यूंच्या घरात कोणी गेलं की सात दिवस असंच. आरसे झाकायचे, बुटक्या स्टुलांवर बसायचं, नटायचं नाही आणि भेटायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवायचं. वारा आला की चादरी हलायच्या आणि मला वाटायचं, ताई पलीकडेच आहे, कोणाचे तरी केस विंचरतेय. बेसिनचा नळ ठिबकत होता, तोही बंद करावासा वाटेना.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, धाकटीच्या वर्गातल्या मुली दुपारी भेटायला येताहेत. धाकटी उठली, टॉवेलांच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली.

"बाहेर ये गं," मी म्हटलं.

"मी नाही त्यांना तोंड दाखवणार. कधीच नाही!"

नियम मला ठाऊक होता. पण पोरीपुढे नियमाचं काय एवढं? "थोडं लाव बाई क्रीम," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "मी कोणाला बोलणार नाही. देवाचं मी बघून घेते."

 आतून रडका आवाज आला. "मला लावता नाही येत, मावशी. आईच लावायची. माझे तर डोळे मिटलेले असायचे."

माझे हात केस धुण्यापुरतेच. "मग थोरली लावेल."

"मी नाही लावणार," थोरली म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? बहीण ना तिची तू? आज तरी तुझा ताठा बाजूला ठेव!"

थोरली त्या बंद दाराला टेकून खाली बसली. "आई रोज हिच्या गालाला हात लावायची, मावशी. रोज. मी दारात उभी राहून बघायचे. माझ्या गालावर झाकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला त्या खुर्चीत कोणी बसवलंच नाही. लहान होते तेव्हा मी देवाकडे डाग मागायचे. आता तसा हात मी कुठून आणू? मला तो माहीतच नाही."

मला तो तोंडातला ब्रश आठवला, आणि ती कुरकुर.

कडी निघाली. धाकटी बाहेर आली, रडून रडून डाग लाल झालेला. "तुला डाग हवा होता?"

"हो."

"वेडी आहेस का गं?"

"असेन."

दोघी हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही.

मुली आल्या. थोरली धाकटीच्या डाव्या बाजूला बसली, आडोसा म्हणून. धाकटीने तिला ढकलून उजवीकडे बसवलं. मुलींनी बघितलं. का नाही बघणार, डोळे आहेत त्यांना. एकीचं तोंड उघडंच राहिलं, तिच्याकडे मी असं काही पाहिलं की मिटलं. मग एक जाड चष्मेवाली पुढे सरकली. "खूप दुखतं का?"

"डाग? छे, मुळीच नाही."

"डाग नाही गं. आईचं विचारतेय."

"हो," धाकटी म्हणाली. मुली तिला चिकटून जमिनीवरच बसल्या. जाताना त्यांना उठवावं लागलं.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही स्टुलांवरून उठलो. उठलं की गल्लीतून एक फेरी मारून यायची, म्हणजे पुन्हा जगात पाऊल टाकलं, अशी आमची रीत. त्याआधी मी चादरी काढल्या. आरशांत ऊन शिरलं, खोली पुन्हा हलायला लागली. चार आरशांत त्या दोघी कितीतरी झाल्या, आणि त्या गर्दीत मी वेड्यासारखं ताईला शोधलं.

धाकटीने ताईची डबी उचलली. झालं, आता पोर पुन्हा झाकून घेणार, असं मला वाटलं. पण तिने खुर्ची फिरवली आणि थोरलीला म्हणाली, "बस."

"मी?"

"बस ना गं."

थोरली अवघडून बसली.

"डोळे मीट."

डबी तिने उघडलीच नाही. कोरडं बोट थोरलीच्या डाव्या गालावर ठेवलं आणि डोळ्याखालून हनुवटीपर्यंत हळूहळू नेलं, मग पुन्हा वरून, जसं तिला मिटल्या डोळ्यांनी पाठ झालं होतं तसं. बाहेर शेजारपाजारचे फेरीसाठी खोळंबले होते. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"हं," धाकटी म्हणाली, "आता उघड."

"थांब," थोरली म्हणाली. "एवढ्यात नको."