काचेच्या बरणीवरचे बाबा

हरेशभाईंच्या बाबांचा चष्मा माझ्या परातीत विरघळत होता. आधी काळी फ्रेम पसरली, मग डोळे, मग अख्खा चेहराच जांभळट झाला. मी फोटो छापलेलं डेकल पाण्याबाहेर काढेपर्यंत बाबा ओळखू येण्यासारखे उरले नव्हते.

मी अंबरनाथ पश्चिमेला घरूनच गिफ्ट प्रिंटिंग करते. हरेशभाईंचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. वडिलांच्या पंच्याहत्तरीला पाहुण्यांना द्यायला त्यांना काचेच्या बरण्या हव्या होत्या, प्रत्येकीवर बाबांचा फोटो.

"म्याडम, स्टिकर नको. काचेवरच छापलंय असं वाटलं पाहिजे. आमचे बाबा लई कडक आहेत. शर्टाला सुरकुती दिसली तरी घर डोक्यावर घेतात."

अशा कामाला डेकल पेपर लागतो. कागदावर पातळ पारदर्शक फिल्म असते. तिच्यावर छापायचं, पाण्यात बुडवायचं, सुटलेली फिल्म काचेवर सरकवायची. पण घरच्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. म्हणून आधी वरून क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रे मारायचा. मला वाटलं होतं, शाई नीट वाळली की पुरे. परातीने माझा गैरसमज दूर केला.

स्प्रे आणला आणि घाबरून एकदम भरपूर मारला. शाई जागोजागी फुटली. माझा नवरा नितीन बाल्कनीत डोकावून म्हणाला, "यांना कांजिण्या आल्यात का गं?"

मग डोकं शांत ठेवून सुरुवातीपासून केलं. प्रिंटरचं सेटिंग प्लेन पेपरवर होतं, ते ग्लॉसी फोटोवर नेलं. स्प्रेचे हलके हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला. आता बाबा पाण्यातून सुखरूप बाहेर आले. बरण्यांत पॅकिंगचा पांढरा कागद कोंबलेला होता. काचेवर चिकटवल्यावर त्या कागदापुढे तर ते इतके छान दिसले की मी फोटो काढून पाठवला. "एकदम बढिया!" हरेशभाई खूष. माल गेला.

वाढदिवसाच्या दिवशी त्यांचा फोन. "म्याडम, हॉलवर या. आत्ताच्या आत्ता."

रिक्षाने पोचले. टेबलावर बरण्या मांडलेल्या. कागद काढून आत बुंदी भरली होती, केशरी, ठसठशीत. आणि प्रत्येक बरणीवर बाबांचे केस नि मिशा केशरी, शिवाय कुरळ्या.

प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. फोटोत पांढरं असेल तिथे तो काही छापत नाही, कागदाचा पांढरेपणा वापरतो. पारदर्शक फिल्मवर तिथे नुसती काच राहते. बाबांच्या पांढऱ्या केसांमधून बुंदी दिसत होती.

तेवढ्यात खुद्द बाबा आले. बरणी उचलली. "ये किसने किया?"

"मी," म्हटलं. हरेशभाई माझ्यापासून दोन पावलं लांब सरकले.

बाबांच्या पत्नी, अम्मा, पुढे आल्या, बरणी पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कब से बोल रही हूँ, मेहंदी लगा लो, मेहंदी लगा लो. आखिर लग गई!"

बाबांनी बरणी उजेडात धरली. एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली. मग स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. "बुरी तो नहीं लग रही."

एवढ्यात एका पाहुण्याने बरणी उघडून मूठभर बुंदी तोंडात टाकली. आतली बुंदी खाली गेली आणि बरणीवरच्या बाबांना टक्कल पडलं.

"अरे, बंद करो!" बाबा ओरडले. "सब घर जाके खाना!"

पुढच्या महिन्यात हरेशभाईंनी अम्मांच्या फोटोची ऑर्डर दिली. पिकल्या केसांना पांढऱ्या फिल्मचा डेकल पेपर घ्यायचा, हे मी शिकले होते. तरी आधी विचारून घेतलं, "आत काय भरणार?"